वॉकर आडनावाचे मूळ आणि त्यावरून घराण्याचा लागणारा माग

नाशिकहून एका वाचकांनी विचारले आहे, की त्यांच्या आईचे आजोबा वॉकर या आडनावाचे होते. ते जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत राहत होते आणि घरातल्या समजुतीप्रमाणे त्यांचा जन्म १८७० च्या सुमारास भुसावळला झाला होता. या आडनावाविषयी घरात तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी, की मूळ पुरुष इंग्लंडच्या राजाच्या जंगलात पायी गस्त घालणारा रखवालदार होता, म्हणून त्याला ‘चालणारा’ हे नाव पडले. दुसरी अशी, की व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेले वॉकर आणि हे वॉकर एकाच घराण्यातले. तिसरी गोष्ट अलीकडची आहे: एका संकेतस्थळाला पैसे देऊन मागवलेले ‘वॉकर घराण्याचे मानचिन्ह’ आता त्यांच्या दिवाणखान्यात लावलेले आहे. यातले खरे किती आणि आडनावावरून इंग्लंडमधले मूळ गाव सापडेल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. ब्रिटनमधील चर्चच्या नोंदवह्या, जनगणना आणि जुनी करपत्रके वाचून घराण्यांचा माग काढण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो असल्याने या प्रश्नांचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

आडनावाच्या अर्थापासून सुरुवात करतो. वॉकर हे धंद्यावरून पडलेले नाव आहे आणि तो धंदा लोकरी कापड तुडवून घट्ट करण्याचा. नॉर्मन स्वारीच्या आधीच्या, म्हणजे १०६६ पूर्वीच्या इंग्रजीत ‘वेआल्कान’ या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घोळवणे, उलथापालथ करणे असा होता आणि हे काम कापडावर करणारा तो ‘वेआल्केरे’. पायी चालणे हा अर्थ त्या क्रियापदाला पुढे, साधारण १२०० च्या आसपास येऊ लागला आणि नंतर तो इतका रुळला, की जुना अर्थ सामान्य बोलण्यातून पुसला गेला. जर्मन भाषेत मात्र ‘वाल्केन’ म्हणजे आजही लोकरीचे कापड तुडवणे किंवा कुटणे, आणि तिकडच्या जुन्या गावांतून ‘वाल्कम्यूले’ या नावाच्या गिरण्या व वाड्या सापडतात. इंग्लंडमधला वॉकर त्याच कुळातला शब्द आहे. तो पाय वापरत असे हे खरे, परंतु गस्तीसाठी नव्हे.

हे काम नेमके काय होते ते समजल्याशिवाय हे आडनाव इतके का पसरले ते कळत नाही, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड तयार कापड नसते. धागे एकमेकांपासून सुटे असतात, उजेडात धरले तर आरपार दिसते, आणि कातताना लोकरीला लावलेले तेल किंवा चरबी त्यात मुरलेली असते. असे कापड तसेच शिवले तर त्यातून वारा जातो आणि पाण्याचा थेंब अडत नाही. म्हणून ते लांबच लांब कापड एका लाकडी किंवा दगडी कुंडात घालायचे, त्यावर पाणी, आंबवलेले मूत्र आणि मुलतानी मातीच्या जातीची चिकण माती टाकायची आणि वॉकराने उघड्या पायांनी त्यात उभे राहून तासन्‌तास तुडवायचे. शिळ्या मूत्रात अमोनिया तयार होतो, तो चरबीशी मिळून साबणासारखे काम करतो. माती उरलेले तेल शोषून घेते. आणि ओल, ऊब व दाब यांमुळे लोकरीच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून कापड आटते, जाड होते आणि वाऱ्याला दाद देत नाही. मूत्र घरोघरून गोळा केले जाई. त्यानंतर कापड स्वच्छ पाण्यात धुऊन, उघड्या माळावर उभारलेल्या लाकडी चौकटींवर बारीक आकड्यांनी ताणून वाळवत, म्हणजे ते सर्वत्र सारख्या रुंदीचे राही. मग एका काटेरी बोंडाने त्यावरची लव उचलून ती मोठ्या कातरीने समान कापली जाई. विणकर दोन असले तरी तुडवणारा एक लागतोच, अशी ही साखळी होती. म्हणून जिथे लोकर तिथे वॉकर असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

पायांचे हे काम यंत्राकडे फार लवकर गेले. टेम्पलर या धार्मिक-लष्करी पंथाने ११८५ मध्ये इंग्लंडमधील आपल्या मालमत्तेची जी पाहणी करवली, तिच्यात यॉर्कशायरमधील न्यूशॅम आणि ग्लॉस्टरशायरमधील बार्टन येथे कापड कुटण्याच्या पाणचक्क्यांची नोंद आहे. इंग्लंडमधल्या अशा चक्क्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींत या दोन्ही धरल्या जातात. रचना साधी होती: वाहत्या पाण्याने मोठे चाक फिरायचे, त्याच्या आसावरचे खुंट दोन जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलून सोडायचे आणि ते हातोडे कुंडातल्या कापडावर आदळायचे. माणसाला फक्त कापड वेळोवेळी फिरवून पाहावे लागे, नाहीतर एकाच घडीवर मार बसून ते फाटे. १३ व्या शतकात या चक्क्या वाढत गेल्या आणि त्यांबरोबर धंद्याचा काही भाग सपाट प्रदेशातल्या शहरांकडून वेगाने वाहणाऱ्या डोंगरी ओढ्यांच्या काठी सरकला. वेस्ट रायडिंग (यॉर्कशायरचा पश्चिम भाग), कॉट्सवोल्ड आणि डेव्हनची खोरी कापडासाठी नावारूपाला आली त्यामागे हे एक कारण आहे. तरीही पायांचे काम एकदम संपले नाही. १४ व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी दीर्घकाव्यात कवी सहज लिहून जातो, की मागावरून आलेले कापड पायाखाली किंवा कुटण्याच्या हातोड्यांखाली गेल्यावाचून अंगावर घालण्याजोगे होत नाही. म्हणजे त्याच्या काळी दोन्ही रीती शेजारी शेजारी चालू होत्या, आणि नेमक्या याच काळात इंग्लंडमध्ये आडनावे कायमची होत होती. चक्कीवर काम करणाऱ्यालाही लोक वॉकरच म्हणत राहिले आणि त्याच्या चक्कीला ‘वॉक मिल’. उत्तर इंग्लंडमध्ये या नावाच्या जागा अजून आहेत, आणि लीड्स येथील आर्मली मिल्समध्ये, जिथे आता त्या शहराचे उद्योग-संग्रहालय आहे, ते लाकडी हातोडे पाहायला मिळतात. या आडनावाचा विषय ज्यांना जिव्हाळ्याचा आहे त्यांनी ते एकदा जरूर पाहावेत.

मला या आडनावात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की याच धंद्याला इंग्लंडच्या तीन भागांत तीन शब्द होते आणि तिन्ही शब्दांची आडनावे झाली. उत्तरेत आणि मध्य इंग्लंडच्या बऱ्याच भागात वॉकर; आग्नेय भागात, म्हणजे केंट, ससेक्स, एसेक्स, सफोक, नॉरफोक या परगण्यांत फुलर; आणि नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल व डॉर्सेटमध्ये टकर. फुलर हा शब्द लॅटिन ‘फुल्लो’वरून आला आणि नॉर्मन फ्रेंच बोलणाऱ्यांमुळे त्याला बळ मिळाले, म्हणून तो लंडनच्या आणि फ्रान्ससमोरच्या किनाऱ्याच्या बाजूला रुजला. टकर हा जुन्या इंग्रजीतल्या ‘छळणे, पिडणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि कापडाचे जे हाल या कामात होतात ते पाहता तो शब्द कसा पडला असेल याची कल्पना येते. डेव्हनच्या एक्सेटर शहरात विणकर, टकर आणि लव कातरणारे यांच्या संघाला १४७१ मध्ये मिळालेल्या जागेवरची वास्तू आजही ‘टकर्स हॉल’ म्हणून उभी आहे. लंडनमध्ये मात्र याच धंद्यातल्या लोकांचा संघ ‘फुलर्स’ या नावाने होता आणि १५२८ मध्ये तो कातरणाऱ्यांच्या संघात मिळून ‘क्लोथवर्कर्स’ ही कंपनी झाली. १८८१ च्या जनगणनेतल्या आडनावांचे नकाशे काढले, तर रेल्वे आणि कारखान्यांमुळे झालेल्या एवढ्या स्थलांतरानंतरही हे तीन पट्टे डोळ्यांना स्पष्ट दिसतात: वॉकर यॉर्कशायर, लँकाशायर, डरहॅम, नॉटिंगहॅमशायर या बाजूला दाट, टकर नैर्ऋत्येला, फुलर आग्नेयेला. पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलींची सीमारेषा आडनावांनी जपून ठेवली आहे.

सीमेपलीकडची दोन उदाहरणे आपल्या उपयोगाची आहेत. वेल्समध्ये कापड कुटण्याच्या चक्कीला ‘पांडी’ म्हणतात आणि टोनीपांडी या गावाच्या नावात ती आहे. मात्र तिथे वडिलांच्या नावावरून ओळख सांगण्याची रीत फार काळ टिकल्याने या धंद्याची आडनावे कमी झाली. स्कॉटलंडमध्ये उलट स्थिती आहे. सखल भागात इंग्रजीसारख्याच बोलीमुळे वॉकर हे नाव तिथल्या तिथे स्वतंत्रपणे तयार झाले, आणि डोंगराळ भागात ‘मॅक अन उखकतर’ अशा उच्चाराचे, ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ असा अर्थ असलेले गेलिक नाव इंग्रजीत नोंदवताना सरळ वॉकर करून टाकले गेले. त्याच भागात, विशेषतः हेब्रिडीज बेटांवर, हे काम बायका करीत: मूत्रात भिजवलेले कापड लांब फळीवर ठेवून दोन्ही बाजूंनी बसायचे, ते तालात आपटत पुढच्या हातात द्यायचे आणि एकीने गाणे सांगायचे, बाकीच्यांनी धरायचे. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांसारखी ही श्रमाची गाणी विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती आणि त्यांतली पुष्कळ ध्वनिमुद्रित झाली आहेत. सांगायचा मुद्दा हा, की वॉकर आडनावाचा माणूस इंग्लिशच असेल असे गृहीत धरून शोध सुरू करू नये.

आता धंद्याचे नाव आडनाव कसे झाले ते पाहू. नॉर्मन स्वारीनंतर आधी जमीनदार घराण्यांनी आपल्या जहागिरीची नावे वंशपरंपरेने लावायला सुरुवात केली. सामान्य लोकांत हे लोण हळूहळू खाली आले. दक्षिणेत १४ व्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांची आडनावे स्थिरावली, उत्तरेत त्याला आणखी काही पिढ्या लागल्या. गरज कागदपत्रांतून निर्माण झाली. बाप्तिस्म्याची नावे मोजकीच वापरात होती; जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड आणि टॉमस एवढ्या पाच नावांत गावातले बहुसंख्य पुरुष बसत. जमिनीचा वारसा लावताना, दंड आकारताना किंवा कर घेताना कोणता जॉन ते लिहावे लागे आणि कारकून त्याच्या बापाचे नाव, राहण्याची जागा, अंगचा एखादा विशेष किंवा धंदा यांपैकी काहीतरी जोडून देई.

या संक्रमणाचा क्षण प्रत्यक्ष पाहायचा असेल तर वेस्ट रायडिंगची १३७९ ची डोईपट्टीची पत्रके उघडावीत. सोळा वर्षांवरील प्रत्येकाने, नवरा-बायको मिळून एक धरून, किमान चार पेन्स द्यायचे होते. कारागीर आणि व्यापाऱ्यांना मात्र ऐपतीप्रमाणे सहा पेन्स, एक शिलिंग किंवा त्याहून जास्त लागत असे. त्यामुळे ज्याच्याकडून जादा घ्यायचे त्याचा धंदा कारकुनाने लिहून ठेवला. ओळीची मांडणी ठरलेली असते: आधी लॅटिन वळणाचे ‘योहानेस’ किंवा ‘विलेल्मुस’, मग उपनाव, मग ‘आणि त्याची पत्नी’ हे शब्द तोडून लिहिलेले, आणि उजव्या कडेला रोमन आकड्यांत रक्कम. या पत्रकांत नाव एका धंद्याचे आणि प्रत्यक्ष व्यवसाय भलताच अशी माणसे भेटतात, म्हणजे त्यांच्यापुरते आडनाव बापाकडून आलेले आहे; आणि नाव व धंदा तंतोतंत जुळणारीही भेटतात, जिथे ते आडनाव आहे की नुसती ओळख हे ठरवता येत नाही. मुलींची नोंद कित्येकदा ‘अमक्याची डॉटर’ अशी जोडून केलेली आढळते, म्हणजे बापाचे उपनाव मुलीला लागेलच असे अजून नव्हते. एका गावातला वॉकर आणि पाच मैलांवरच्या दुसऱ्या गावातला वॉकर यांच्यात नाते शोधण्याचे काहीच कारण नव्हते. दोघांच्या गावात ओढा होता आणि ओढ्यावर चक्की होती एवढेच.

इथे नवख्या संशोधकांची हमखास फसगत करणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. मध्ययुगीन कागद लॅटिनमध्ये असत आणि कारकून धंद्यांची नावेही लॅटिनमध्ये उतरवी. त्यामुळे ज्याला सारा गाव वॉकर म्हणत होता तो कागदावर ‘फुल्लो’ होऊन येतो. उत्तरेकडच्या एखाद्या गावात १३०० च्या आसपास ‘फुल्लो’ दिसला म्हणून तिथे फुलर घराणे होते असा निष्कर्ष काढणे चूक. आणि वॉकर हे नाव त्या गावात दोन पिढ्या दिसत नाही म्हणून ते घराणे नव्हते असे मानणेही तितकेच चूक. त्या गावाचे नंतरचे, इंग्रजीतले कागद पाहून मगच ठरवावे लागते.

यावरून दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा पाया तयार होतो. वॉकर आडनावाला एक मूळ पुरुष नाही. ते शेकडो ठिकाणी एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांना पडले, आणि १९ व्या शतकात ते इंग्लंड व वेल्समधल्या पहिल्या वीस आडनावांत होते. वंशाणूंच्या अभ्यासानेही हाच कल दाखवला आहे. लेस्टर विद्यापीठातील तुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे, बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले. ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच पूर्वजाचे निघाले. स्मिथसारख्या अतिसामान्य, धंद्यावरून पडलेल्या आडनावात मात्र दोन अनोळखी माणसांत जेवढे साम्य असते तेवढेच सापडले. वॉकर हे धंद्याचेच आणि फार पसरलेले नाव असल्याने त्याला स्मिथचाच नियम लावावा हे माझे मत आहे.

आता जंगलाच्या रखवालदाराची गोष्ट. तिला अगदीच आधार नाही असे नाही. राजाच्या राखीव जंगलात ठरावीक भाग पायी फिरून राखणाऱ्या नोकराला ‘वॉकर’ म्हणत, हे खरे आहे. परंतु ‘ले वॉकर’ असे उपनाव १३ व्या शतकापासून कापडाच्या प्रदेशातून मिळते, त्याचा दाटपणा लोकरीच्या नकाशाशी जुळतो, आणि जिथे राखीव जंगले पुष्कळ होती पण तुडवणाऱ्याला दुसरा शब्द होता अशा दक्षिणेच्या परगण्यांत ते विरळ आहे. एखाद्या घराण्याचे नाव जंगलावरून पडलेही असेल, पण ते कागदाने सिद्ध करावे लागेल. याहून अधिक लक्षात ठेवण्याजोगी शक्यता टाइन नदीकाठची आहे. न्यूकॅसलच्या पूर्वेला वॉकर नावाची वस्ती आहे. तिथून रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत जाते आणि त्या नावाचा अर्थ ‘भिंतीजवळची दलदल’ असा आहे. तिथून बाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्या गावाने वॉकरचा म्हणून ओळखले असेल, तर त्याच्या आडनावाचा कापडाशी काहीही संबंध नाही. घराणे टाइनकाठचे निघाले तर ही शक्यता आधी तपासावी.

व्हिस्कीवाल्या वॉकरांविषयी थोडक्यात. ते स्कॉटलंडच्या एअरशायरमधले. जॉन वॉकर याने १८२० मध्ये किलमार्नक गावात किराणा दुकान घातले आणि पुढे त्याच्या मुला-नातवांनी व्हिस्कीचा व्यापार वाढवला. नुसते आडनाव सारखे असणे हा नात्याचा पुरावा नव्हे, हे वर आलेच आहे. या नावाचा प्रवास मात्र कौतुकाचा आहे: मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्त यांनी त्या व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे नाव दिले, आणि कापड तुडवणाऱ्याचे नाव अशा रीतीने हिंदी चित्रपटसृष्टीत घरोघरी पोचले. मराठ्यांच्या इतिहासातही एक वॉकर आहेत. बडोद्याचे रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर हे स्कॉटलंडच्या फाइफमधल्या एका पाद्र्याचे चिरंजीव. काठेवाडच्या संस्थानिकांकडून गायकवाड आणि पेशवे मुलुखगिरीच्या फौजा पाठवून जी खंडणी वसूल करीत, तिच्या रकमा १८०७ मध्ये त्यांनी कायम ठरवून दिल्या आणि तो बंदोबस्त ‘वॉकर सेटलमेंट’ म्हणून ओळखला जातो. पश्चिम भारतातला वॉकर म्हटला की अनेक घराणी त्यांच्याशी नाते सांगतात. पुराव्याशिवाय ते मान्य करू नये.

मानचिन्हाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण त्यात लोकांचे पैसे आणि भावना दोन्ही अडकतात. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळते आणि तिच्या पुरुषपरंपरेतल्या कायदेशीर वंशजांनाच वापरता येते. १४८४ मध्ये स्थापन झालेली ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था इंग्लंडसाठी त्याची दप्तरे ठेवते, आणि स्कॉटलंडची व्यवस्था स्वतंत्र आहे. वॉकर नावाच्या वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी चिन्हे मिळालेली आहेत; विक्रेते त्यांतले एखादे उचलून सर्व वॉकरांना विकतात. आपल्या दिवाणखान्यातले चित्र शोभेचे म्हणून राहू द्यावे, मात्र वंशावळीच्या फाइलीत ते घालू नये.

आडनाव रक्ताशिवायही पुढे जाते, हेही ध्यानात असू द्यावे. अमेरिकेत केसांच्या प्रसाधनांच्या व्यवसायातून मोठी झालेली कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर ही १८६७ साली सेरा ब्रीडलव्ह म्हणून जन्मली आणि जगभर ओळखली गेली ती पतीच्या आडनावाने. गुलामीत असलेल्या आणि त्यातून सुटलेल्या अनेक कुटुंबांकडे मालकांची आडनावे आली. भारतातही ब्रिटिश शिपायाच्या विधवेचा दुसरा विवाह, दत्तक घेतलेली अनाथ मुले, वडिलांनी नाव लावू दिलेली पण विवाहाबाहेर जन्मलेली मुले अशा वाटांनी आडनावे पुढे गेली. आपल्या घराण्यात यांपैकी काही निघाले तर त्याने नाते कमी होत नाही. शोधाची दिशा मात्र बदलते.

म्हणून मूळ गाव आडनावावरून शोधायला जाऊ नका. इगतपुरीपासून एकेक पिढी मागे जा. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. मुंबई इलाख्याच्या अशा प्रती १७०९ पासूनच्या आहेत आणि त्या आता ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात, ‘एन ३’ या वर्गात आहेत. बऱ्याच नोंदींच्या प्रतिमा आणि सूच्या आता घरबसल्याही पाहता येतात. भुसावळचा बाप्तिस्मा १८६५ ते १८७५ या पट्ट्यात पाहावा, कारण घरात सांगितलेले साल दोन-चार वर्षांनी चुकीचे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. नोंद सापडली, की त्यात मुलाची जन्मतारीख, आईचे व वडिलांचे नाव आणि वडिलांचा हुद्दा मिळेल. आईचे नुसते बाप्तिस्म्याचे नाव लिहिलेले असेल, तर ती इथलीच असण्याची शक्यता धरून त्या दोघांच्या विवाहाची नोंद शोधावी; त्यात तिच्या वडिलांचे नाव असू शकते. नोंद इंग्लंडच्या चर्चची नसून स्कॉटिश किंवा रोमन कॅथलिक चर्चची निघाली, तर त्याचाही अर्थ लावावा लागतो. स्कॉटिश चर्चची असेल तर पुढचा शोध एडिनबरोच्या दप्तरांकडे वळतो.

पुढची वाट वडिलांच्या हुद्द्यावर ठरेल. ते ‘सार्जंट’ किंवा ‘गनर’ लिहिले असतील तर लष्करी भरतीच्या आणि हजेरीच्या याद्या पाहाव्यात. युरोपियन शिपायाच्या भरतीच्या नोंदीत जन्मगावाचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला प्रदेश, आणि आधीचा धंदा लिहिण्याची पद्धत होती, आणि लाखो वॉकरांतून एक माणूस वेगळा काढायला एवढा एक रकाना पुरेसा होतो. ते ‘ड्रायव्हर’, ‘फिटर’ किंवा ‘प्लेटलेयर’ (रूळ टाकणारे व राखणारे) असतील, तर बहुधा कराराने आलेले कामगार. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाल्यापासून आणि विशेषतः १८६५ मध्ये थळ घाट खुला झाल्यापासून जीआयपी कंपनीने ब्रिटनमधून अशी माणसे आणली, आणि रेल्वे कंपन्यांच्या लंडनमधल्या कागदांचा काही भाग ब्रिटिश लायब्ररीतच आहे.

आणखी एक धागा मला आडनावापेक्षा जास्त मोलाचा वाटतो: मधले नाव. उत्तर इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये १९ व्या शतकात मुलाला आईचे किंवा आजीचे माहेरचे आडनाव मधले नाव म्हणून देण्याची रीत होती. आपल्या पणजोबांचे किंवा त्यांच्या भावंडांचे मधले नाव एखादे दुर्मिळ आडनाव वाटत असेल, तर ते आधी १८८१ च्या नकाशावर पाहावे. दुर्मिळ आडनावे दोन-तीन पॅरिशांपुरतीच सापडतात आणि गाव तिथे हाती लागते. त्यानंतर इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासूनची नागरी नोंदणी, जन्मगाव स्पष्ट लिहिणारी १८५१ ची जनगणना आणि टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये दिलेल्या हुकमाने सुरू झालेल्या पॅरिशच्या नोंदवह्या, अशा क्रमाने मागे जाता येईल. स्कॉटलंडमध्ये १८५५ नंतरच्या दाखल्यांत आईचे माहेरचे आडनावही असते, त्यामुळे तिथले काम सोपे होते. १५३८ च्या पलीकडे सामान्य माणसाचा माग जमीनदाराच्या न्यायालयाच्या कागदांवर आणि करपत्रकांवर अवलंबून राहतो, आणि बहुतेक घराण्यांचा शोध त्याच्या कितीतरी आधीच थांबतो.

तेव्हा पहिली पायरी म्हणून घरातला सर्वांत जुना कागद शोधा: रेल्वेचा नोकरीचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीचे पत्र, विवाहाचा दाखला, कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानावरच्या जन्मतारखा, इगतपुरी किंवा भुसावळच्या दफनभूमीतल्या शिळेचा फोटो. त्यावर असलेली पूर्ण नावे, मधल्या नावांसह आणि स्पेलिंग आहे तसे ठेवून, उतरवून घ्या आणि मगच भुसावळचा बाप्तिस्मा शोधायला बसा.